पुतळाबाईच्या दोन कणग्या

माझ्या ट्रंकेच्या तळाशी एक इंग्रजी अहवाल आहे, पुण्यात छापलेला. एकोणीसशे अठराच्या मानमोडीत, म्हणजे त्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीत, माणसं मेली ती मेलीच; पण जी वाचली त्यांच्या तब्येतीचं पुढं काय झालं, याची मावळातल्या डोंगरवाड्यांवर पाहणी झाली होती. तिचा तो अहवाल. त्यात एक कोष्टक आहे. हातापायांना कंप, चक्कर, तोल जाणे असे एकूण एकेचाळीस रोगी, त्यांतल्या सदतीस बायका. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, साथीचा धक्का आणि शोक. खाली बारीक अक्षरात असंही आहे की बायकांचं मन मुळातच हळवं असल्यानं त्यांना हा त्रास जास्त झाला.

त्या एकेचाळीस जणांचे फॉर्म मी भरले. डॉक्टरसाहेब बोलायचे, मी लिहायचो. अक्षर सुरेख म्हणून मला नेलं होतं. नाहीतर मी कोण? देवी काढणारा. गावोगाव हिंडून पोरांच्या दंडावर लस टोचायची आणि आयाबायांच्या शिव्या खायच्या, हा माझा धंदा. लोणावळ्यात बिऱ्हाड, आणि पायाखाली अर्धा मावळ.

सत्तावीस नंबरचा फॉर्म पुतळाबाईचा. ती मागच्या महिन्यात वारली, चव्वेचाळीसच्या फाल्गुनात. अहवालात तिचं नाव नाही, नुसता आकडा आहे. मी लिहिलेला आणि चुकीचा. पंचवीस वर्षं ती चूक मी बाळगून आहे आणि आता निवृत्त झाल्यावर मला कुणाची भीती नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या वर डोंगराच्या सोंडेवर उंबरवाडी आहे. तेव्हा बावीस घरं होती, सगळी महादेव कोळ्यांची. पुतळाबाई तिथली सून. नवरा बारकू पाऊस उघडला की घाटात रेल्वेच्या कामावर जायचा, पावसाळ्यात शेत करायचा. शेत म्हणजे उतारावरचं वरकस रान. तिथं नाचणी, वरई आणि हरीक. पुणेकरांनी हरीक पाहिलेला नसतो. बारीक दाणा, भात करून खातात. गरिबाचं पोट त्यावर चालतं.

अठरा सालच्या पौषात मी वाडीवर लस टोचायला गेलो तेव्हा माझी आणि तिची पहिली गाठ पडली. मी येतोय असं कळलं की वाडीतली पोरं गडप व्हायची. कुणी माळ्यावर, कुणी गवताच्या गंजीत. बारकूच्या घरात गेलो तर सहा वर्षांचा मुलगा तेवढा उभा, धाकटी तीन वर्षांची बाया कुठं दिसेना. पुतळाबाई दोन कणग्यांसमोर पाय रोवून उभी. कणगी म्हणजे कुडाची, शेणानं सारवलेली धान्याची उतरंडभर उंच टोपली.

"पोरगी कुठाय?" मी विचारलं.

"मामाकडं गेलीया."

"आणि या कणग्यांत काय?"

"ह्या कणगीत जुना हरीक. ह्या कणगीत नवा."

एवढ्यात नव्या कणगीतून शिंक आली. मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

"औंदा थंडी लय हाय, भाऊ," ती म्हणाली.

मला हसू आवरेना. बायाला बाहेर काढलं, टोचलं, तिनं मला चावा घेतला. पण त्या दोन कणग्यांची गोष्ट मला त्या दिवशी कळली ती अशी. शेतातून आलेला हरीक वाडीत वर्षभर खात नाहीत. राख चोळून नव्याच्या कणगीत टाकतात आणि वर्ष उलटलं की तो जुना होतो, मग रांधतात. नव्या हरकात, विशेषतः कापणीत भिजलेल्या, काहीतरी असतं जे डोक्यात चढतं. त्याला ते माजरा हरीक म्हणतात. चुकून खाल्ला तर माणूस संध्याकाळभर दारू प्याल्यासारखा झुलतो, झोपतो, दुसऱ्या दिवशी बरा होतो. घरात जुना संपला आणि नवा खायची पाळी आली तर ती त्या घरच्या बाईची अब्रू गेली असं समजतात. हिला घर राखता आलं नाही, असं म्हणतात. तेव्हा मी हे ऐकलं आणि विसरलो. माझं काम दंडाशी, पोटाशी नव्हे.

दसऱ्यानंतर मानमोडी आली. बारकू घाटातल्या कामावरून ताप घेऊन आला आणि चौथ्या दिवशी गेला. सहाव्या दिवशी मुलगा गेला. बावीस घरांतली एकोणीस माणसं पंधरवड्यात गेली. मला औषधाच्या पुड्या देऊन वर पाठवलं होतं. त्या पुड्यांनी काय होणार होतं? मी पोचलो तेव्हा वाडीत पुरायला माणसं कमी पडत होती. पुतळाबाईनं नवऱ्याला आणि पोराला दिरासोबत स्वतः उचलून नेलं होतं. ती ओट्यावर बसली होती, बाया तिच्या मांडीवर. मी पुडी दिली. "कुणाला देऊ?" तिनं विचारलं आणि पुडी पदराला बांधून ठेवली.

हरीक तेव्हा कापून रानात पडला होता. झोडपायला कुणी उभं राहील असं नव्हतं. दोन दिवस अवकाळी पाऊस लागला आणि सगळा ढीग भिजला. कार्तिकात ज्यांच्या अंगात बळ आलं त्यांनी जाऊन मळला. दाण्यावर काळे ठिपके होते. आणि जुना? जुना दिवसांच्या जेवणांत गेला होता. मेलेल्याच्या नावानं रांधायचं ते जुन्यातलंच, नव्याचा घास त्याला चालत नाही, असा त्या वाडीचा शिरस्ता. एकोणीस मेले, एकोणीस जेवणं झाली, आणि घराघरातली जुन्याची कणगी तळाला गेली. हे गणित मी पुढं सहा महिन्यांनी मांडलं. त्या वेळी कुणीच मांडलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास वाडीत बायकांचे हात कापायला लागले. पुतळाबाईचे सगळ्यांत जास्त. डोकीवर हंडा घेतला की पाय लटपटायचे. सुईत दोरा जाईना. लोक म्हणायचे, धक्का बसलाय बिचारीला, आठवड्यात नवरा आणि पोरगा गेला, दुसरं काय होणार. खरं होतं ते. मलाही तसंच वाटलं.

माघात डॉक्टरसाहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगतो. बूट घालून डोंगर चढला, एक दिवस कुरकुर केली नाही, प्रत्येक रोग्याची नाडी स्वतः पाहिली. फॉर्म त्यांनीच बनवला होता. घरात किती मेले, झोप लागते का, रडू येते का, भूक आहे का. अकरावा प्रश्न असा: घरातील सर्वांचा आहार एकच आहे काय? उत्तर घरच्या कर्त्याकडून घ्यायचं, असं वर छापलेलं.

बारकू गेल्यामुळं कर्ता म्हणजे त्याचा थोरला भाऊ गोविंदा. तीन घरं सोडून राहायचा. कष्टाळू माणूस, भावाच्या मागं त्याच्या घराकडं लक्ष ठेवून होता. तो ओसरीवर उकिडवा बसला. पुतळाबाई दाराच्या आत, पदर डोक्यावर, आमच्याकडं पाठ करून.

"सगळे एकच खाता का?" मी विचारलं.

"येकच की. जुना हरीक, नाचनी, रानातला पाला. दुसरं काय असनार?"

मी "होय" लिहिलं. ती माझ्यापासून आठ हातांवर होती. तिला मी विचारलं नाही. मला विचारायचं सुचलंच नाही, खोटं कशाला बोलू. बावीस घरांत बावीस "होय" लिहिले आणि एकाही बाईला विचारलं नाही. आणि पोरगी तर ठणठणीत होती. एकाच घरात आई कापते आणि लेक धडधाकट, मग खाण्यात दोष कसा असेल? डॉक्टरसाहेबांनी हे माझ्याशी बोलून दाखवलं आणि मी मान हलवली.

त्याच्या आदल्या आठवड्यात पुतळाबाई उकळत्या आंबिलीचं मडकं उतरवताना कोलमडली होती आणि बायाचा पाय भाजला होता. डॉक्टरसाहेबांनी तो पाय पाहिला, पट्टी बांधली. गोविंदा म्हणाला, "आज पाय भाजला, उद्या पोरगी चुलीत पडंल." त्याचं म्हणणं रास्त होतं. साहेबांनी मला एक चिठ्ठी मराठीत लिहायला लावली आणि खाली सही केली. आईची प्रकृती सुधारेपर्यंत मुलीस वेगळे ठेवावे. ती चिठ्ठी मीच मोठ्यानं वाचून दाखवली.

पुतळाबाई तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडं वळली. "सुदारंल कवा, त्ये लिवलंय का त्येच्यात?"

"नाही," मी म्हणालो.

गोविंदाची बायको झुंबरबाई. तिची बहीण कस्तुराबाई तिकडं लांब सुदुंबऱ्याला होती. नवरा एका शेतकऱ्याकडं सालगडी, घरात ज्वारी-बाजरीला तोटा नाही आणि मूलबाळ नाही. बायाला तिच्याकडं पोचवायचं ठरलं. गोविंदा तिला खांद्यावर घेऊन निघाला तेव्हा पुतळाबाई दारात आली नाही. हात कापताना पोरीनं बघू नये म्हणून ती आत बसून राहिली, असं झुंबरबाईनं मला पुढं सांगितलं.

वैशाखात मी लोणावळ्यात घरी होतो. सकाळी दहाच्या सुमारास पुतळाबाई दारात उभी. डोंगर उतरून एकटी आली होती. डोकीवर भरला हंडा असावा तशी सरळ, स्थिर. मी म्हणालो, "अरे वा, सुधारलीस की. साहेब म्हणालेच होते, पोरीचा भार गेला की बरं वाटेल."

माझ्या आयुष्यात मी जी मूर्ख वाक्यं बोललो त्यांत हे पहिलं.

ती खाली बसली. पदराच्या दोन टोकांना दोन गाठी होत्या, त्या सोडून माझ्यासमोर ठेवल्या. दोन्हीत हरीक. एक पिवळसर, एक काळ्या ठिपक्यांचा.

"भाऊ, आता मी सांगते त्ये लिवून घ्या. मदी बोलू नका."

तिनं सांगितलं ते असं. बारकूचे आणि पोराचे दिवस घातल्यावर जुन्याच्या कणगीत दहा-बारा पायल्या उरल्या होत्या. बायाला वर्षभर पुरतील एवढ्याच. म्हणून ती पोरीला जुना रांधायची आणि स्वतः नवा खायची. सात पाण्यांनी धुवायची. पूर्वी ताकात भिजवून त्याचा माज उतरवायची सोय होती, पण गाय बारकूच्या दिवसांसाठी विकावी लागली. नाचणी होती ती आंबिलीपुरती; जेवण रोज दोन्ही वेळा नवाच. झुलणं एका संध्याकाळचं असतं हे तिला माहीत होतं. पण हे रोजचंच, उठल्यापासून झोपेपर्यंत, तेव्हा हे ते नव्हे असं तिला वाटलं.

"आनि समदी म्हनत हुती दुकानं हात कापत्यात," ती म्हणाली. "दुक व्हतंच की. मला वाटलं, त्येच."

बाया गेल्यावर घरात चूल पेटवायला जीव होईना. ती लोणावळ्यात एका बंगल्याच्या बांधकामावर पाट्या वाहायला आली. तीन आठवडे तिथं बायकांसोबत ज्वारीची भाकरी खाल्ली. आठ दिवसांत हात थांबले. लोक म्हणाले, बघा, पोर लांब गेली आणि ही बरी झाली. वाडीवर परत गेली, नवा हरीक रांधून जेवली, आणि दुपारी पाणी पिताना लोटा दातांवर वाजायला लागला.

"तवा मी पोरीची कनगी उघडली," ती म्हणाली आणि थांबली. "तिच्या वाटनीची येक मूठ काडली. खाताना लय रडले भाऊ. पन हात कापले न्हाईत."

मग तिनं जे केलं ते साहेबांनी केलं असतं तर अहवालात पानभर आलं असतं. एक दिवस नवा, एक दिवस जुना, असं तीनदा खाल्लं. भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या. "तुमी कागदावर मारत हुता तशाच. कापले की आडवी, न्हाई कापले की उबी." तीन आडव्या, तीन उभ्या. एकदाही चुकलं नाही.

"मग त्या दिवशी फॉर्म भरताना का नाही बोललीस?" माझा आवाज चढला. मला राग आला होता, तिचा नव्हे, पण काढला तिच्यावर.

"तुमी मला इचारलं का?" ती म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "आनि भावजींच्या म्होरं कसं सांगू, घरात जुना न्हाई म्हनून?"

 आत माझी बायको रतनबाई चहा टाकत होती. पुतळाबाई गेल्यावर मी रतनबाईला सहज विचारलं, "काय गं, आमचं सगळ्यांचं जेवण झाल्यावर तू काय जेवतेस?" ती हसली. "उरतं ते," म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. आमच्याकडं ज्वारीची भाकरी, त्यामुळं हात कापायचा प्रश्न नव्हता. पण माझ्या घरात अकरावा प्रश्न मला विचारला असता तर मीही छातीठोकपणे "होय" सांगितलं असतं. त्या दिवशी माझं जेवणात लक्ष लागलं नाही.

मी डॉक्टरसाहेबांना पत्र लिहिलं, दोन्ही हरीक पुडीत बांधून पाठवले. उत्तर आठ दिवसांत आलं, सभ्य भाषेत. जबानी कर्त्याची आहे. कर्त्यानेच बदलली तर विचार करता येईल. एका शोकग्रस्त स्त्रीच्या सांगण्यावरून बावीस घरांची नोंद फिरवता येणार नाही. मुलीबद्दलही तेच, चिठ्ठी कर्त्याच्या विनंतीवरून दिलेली आहे.

म्हणजे सगळं गोविंदापाशी येऊन थांबलं. आणि गोविंदा म्हणाला, "माज्या घरात बी झुंबरचं हात कापत्यात. आमी तर जुनाच खातो. मग हरीक कसा?"

 दुसऱ्या सकाळी पुतळाबाई मला घेऊन पाणवठ्यावर गेली. मला करंजाखाली लांब बसवलं. वाडीतल्या बायका हंडे घेऊन आल्या तशी तिनं त्यांना सांगितलं, "वंजळीत पानी घ्या आनि हात म्होरं धरा." सगळ्यांना वाटलं ही चेष्टा करतेय. धरले. सोळा बायका होत्या. चौदाजणींच्या ओंजळीतलं पाणी सांडलं. पुतळाबाईच्या ओंजळीतलं तसंच राहिलं.

"मी पोरीला जुना घालून नवा खात हुते," ती म्हणाली. "आता तुमी सांगा."

 मग झुंबरबाई, जी वाडीत सगळ्यांत तोऱ्यात असायची, ती खाली बसली आणि म्हणाली, "मी बी." मग दुसरी. मग सगळ्या. प्रत्येकीला वाटत होतं, जुना फक्त आपल्याच घरातला संपलाय. म्हणून नवऱ्याला जुना वाढायचा, पोरांना जुना वाढायचा, आणि सगळे उठल्यावर चुलीपाशी पाठ करून वेगळ्या मडक्यातला नवा खायचा. चौदा घरांत चौदा मडकी, आणि शेजारणीला शेजारणीचं ठाऊक नाही. मी करंजाखाली बसून ऐकत होतो आणि मला माझ्या सुरेख अक्षरातले बावीस "होय" दिसत होते.

झुंबरबाईनं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. आम्हाला वाटलं, आता हा ओरडणार. तो ओरडला नाही. "कुटलं मडकं?" एवढंच विचारलं. तिनं दाखवलं. "दोन दिस मी त्येच जेवतो. माजं तू खा."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नवी जबानी लिहून त्याच्यासमोर धरली. घरातील सर्वांचा आहार एक नाही. त्यानं अंगठ्याला शाई लावली आणि कागदाकडं नेला. अंगठा थरथरत फरफटत गेला आणि निम्मा कागद काळा झाला. त्यानं एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा बायकोच्या हातांकडं.

"चार म्हयनं ह्ये खातीस?" त्यानं विचारलं.  तो उठून बाहेर जाऊन बसला. मग आत न बघताच म्हणाला, "बारकूची पोरगी घिऊन या. भाऊ, तुमी बी जावा संगं. कागद तुमीच वाचला हुता."

तो काळा कागद मी साहेबांना पाठवला. अहवाल छापायला गेला होता, असं उत्तर आलं.

मिरगाच्या आधी चार दिवस मी आणि पुतळाबाई सुदुंबऱ्याला निघालो. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत गाडीनं गेलो. ती आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसली आणि मला म्हणाली, "ह्यांनी हिचं रूळ सारकं केलं, पन बसलं कदी न्हाईत." ह्यांनी म्हणजे बारकूनं. पुढं चालत गेलो, इंद्रायणी उतारानं ओलांडली. वाटेत ती दोनदा थांबली आणि हात पुढं धरून पाहिले. स्थिर होते. महिनाभर तिनं नव्याचा कण खाल्ला नव्हता. माझ्याकडून ज्वारी नेली होती, उसनी म्हणून.

कस्तुराबाईचं घर शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून होतं. ती दारात शेंगा फोडत होती, बाया तिच्या गुडघ्याला टेकून. पोरगी तीन महिन्यांत भरली होती. केसांना तेल, अंगात नवं झबलं. आम्हाला पाहून ती कस्तुराबाईच्या मागं सरली. मी सगळं सांगितलं. हरीक, मडकी, ओंजळी, गोविंदाचा अंगठा. कस्तुराबाई ऐकत राहिली. तिचा जीव पोरीवर बसला होता, ते दिसत होतं. पण ती आडमुठी नव्हती.

"भाऊ, तुमी म्हनता त्ये आसंल," ती म्हणाली. "पन पोरगी रोज सांगती, आयचं हात हालत्यात, आय पडती. तिलाच इचारा."

बाया मागून डोकावली. चार वर्षांची पोर. आईकडं बघत म्हणाली, "हात दाव."

पुतळाबाईनं दोन्ही हात पुढं केले.

ते कापत होते. मनगटापासून बोटांपर्यंत, फॉर्मवर लिहिलं होतं तसेच. महिनाभर दाणा खाल्ला नव्हता, सकाळी नदीवर स्थिर होते, आणि आता कापत होते. ती स्वतःच्या हातांकडं बघत राहिली, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तशी. मग तिनं ते मागं घ्यायला सुरुवात केली.

 मी महिनाभर सगळ्यांना ओरडून सांगत होतो की हे दुःख नाही, हा हरीक आहे. आता काय सांगू? हरीकही होता आणि दुःखही होतं, आणि माझ्या फॉर्ममध्ये दोन्हींना मिळून एकच चौकोन होता.

पुतळाबाई मागं घेता घेता थांबली. पोरीला म्हणाली, "हे येगळं कापत्यात. तू दिसलीस म्हून कापत्यात."

बाया विचारात पडली. मग पुढं आली. आईचं एक बोट धरलं, सोडलं, मग दोन्ही हात आपल्या मुठींत घेतले, आपण वाऱ्यात दिवा झाकतो तसे. हात थांबले का? नाही थांबले. पोरगी तशीच कापणारे हात धरून उभी राहिली. कस्तुराबाईनं शेंगांची पाटी बाजूला ठेवली, आत गेली, झबली आणि एक घोंगडी बांधून आणली. तिला रडू फुटलं होतं आणि तिनं ते लपवलं नाही.

परत येताना नदीपर्यंत पोरगी आईच्या कडेवर होती. हात केव्हा थांबले ते मी पाहिलं नाही.

त्या दिवसापासून पुतळाबाईनं घरात एकच मडकं ठेवलं. जे असेल ते एकात शिजेल आणि सगळे एका वेळी बसतील, बाईसुद्धा. लोक हसले. बायाचं लग्न झालं, जावई घरी राहायला आला, त्यालाही तोच नियम. जावयाच्या पंगतीला सासू बसते म्हणून त्याला चिडवायचे. त्रेचाळीस साली लढाईच्या टंचाईत जुना संपला तेव्हा तिनं सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, आता नवा खायचा, ताकात भिजवून, आणि हात कापले तर सगळ्यांचे कापतील. कापले थोडे. पण आठवड्यात जावयानं धडपडून तळेगावाहून बाजरी आणली. पूर्वी अशी बाजरी कुणी आणली नसती, कारण पुरुषांचे हात कापलेच नसते.

मीही पुढची बावीस वर्षं लस टोचताना घरच्या बाईला आधी विचारायचो, आज तू काय जेवलीस. वरिष्ठांनी एकदा ताकीद दिली की हा आपल्या कामाचा भाग नाही. मी होय म्हणालो आणि विचारत राहिलो.

पुतळाबाईच्या तेराव्याला मी वाडीवर गेलो. जुना हरीक रांधला होता. बायानं सगळ्यांना वाढलं, मला वाढलं, मग स्वतःची पत्रावळ घेऊन माझ्या समोरच्या ओळीत, नवऱ्याच्या शेजारी, बसली. सवयीनं माझ्या तोंडात तो प्रश्न आला होता. मी विचारला नाही. ती समोर बसून जेवत होती.